माळ तुटता कामा नये

मैत्रिणींनो, तुमच्या शेजारी घरातली पुरुषमंडळी बसलेली असतील. त्यांनी उठून जाऊ नये. आजचा विषय जितका तुमचा, तितकाच त्यांचाही आहे. विषय आहे रोज घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा.

सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण बाई आली. दोन मुलं, धाकटं तीन वर्षांचं. दीड वर्ष ती माझ्याच सांगण्यावरून या गोळ्या घेत होती आणि आता पाळी चुकली होती. लघवीची तपासणी केली, तर दिवस गेलेले. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, ही गोळ्या विसरत असणार. हिचं लक्ष कुठं असतं!" ती बिचारी पिशवीतून रिकामी पाकिटं काढून माझ्यापुढे मांडत होती. एकही गोळी राहिलेली नव्हती. विचारता विचारता कळलं, तीन महिन्यांपूर्वी तिला क्षयरोगाचं निदान झालं होतं आणि त्यावरची औषधं सुरू होती. त्यात रिफाम्पिसिन होतं. या औषधामुळे यकृत गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं भराभर निकालात काढतं आणि गोळीचा असर उतरतो. "दुसरं कुठलं औषध सुरू झालं तर मला येऊन सांग," एवढं एक वाक्य मी तिला गोळ्या देताना बोलले नव्हते. दोष तिच्या विसरभोळेपणाचा नव्हता, माझ्या घाईचा होता. सासूबाईंच्या देखत मी तसं कबूल केलं. पण माझ्या कबुलीने तिच्यापुढचा पेच काही सुटला नाही.

तेव्हापासून गोळी लिहून देताना मी दहा मिनिटं बोलते. आज तीच दहा मिनिटं तुमच्याशी बोलणार आहे.

आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. पण त्यांच्या हाताशी ही गोळी नव्हती. गर्भनिरोधक म्हणून तिला अमेरिकेत परवानगी मिळाली १९६० साली. त्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन गटातलं संप्रेरक १५० मायक्रोग्रॅम होतं. आज आपल्याकडच्या 'माला-एन' आणि 'माला-डी' या गोळ्यांत ते ३० मायक्रोग्रॅम असतं. आजी-मावशीच्या तोंडून मळमळीच्या आणि गरगरण्याच्या ज्या कहाण्या आपण ऐकतो, त्यांतल्या बऱ्याचशा जुन्या जड गोळ्यांच्या आहेत.

'माला-एन' सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. 'माला-डी' औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते. दोन्हींतलं औषध एकच. पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ औषधाच्या, त्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन प्रकारची संप्रेरकं असतात, म्हणून ही मिश्र गोळी. उरलेल्या ७ रंगीत गोळ्या निव्वळ लोहाच्या. त्या घेण्याच्या दिवसांत पाळीसारखा रक्तस्राव होतो. २८ संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट, मग रक्तस्राव थांबलेला असो वा नसो.

ही गोळी करते काय? मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. बीजकोशातलं बीज पिकवायचा हुकूम तिथून सुटतो. रोजच्या गोळीमुळे ती ग्रंथी शांत राहते, बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. ग्रंथी पुरती शांत व्हायला सलग सात दिवस गोळी पोटात जावी लागते. आणि सात दिवस गोळी बंद असली, तरी ती बहुधा जागी होत नाही. लोहाच्या गोळ्या सात का, याचं उत्तर यातच आहे. मात्र सातांचे नऊ-दहा दिवस झाले, तर बीज पिकू शकतं.

म्हणून एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. पाकिटाच्या मधली गोळी चुकण्यापेक्षा पाकिटाच्या सुरुवातीची किंवा शेवटची गोळी चुकणं जास्त धोक्याचं. कारण ती सुट्टीला जोडून येते आणि सुट्टी लांबते. "जरा विश्रांती घेतली, चार दिवसांनी नवं पाकीट उघडलं," असं सांगणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. ही विश्रांतीच महागात पडते. शरीराला अशा विश्रांतीची गरज नसते, गोळी अंगात साठून राहत नाही.

दुसरी नेहमीची चूक वेगळी. नवरा मुंबईला कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी गावी येतो. तो आला की बाई गोळी सुरू करते, तो गेला की बंद. मैत्रिणींनो, ही डोकेदुखीची गोळी नाही. तो घरी असो वा नसो, रोज घेतली तरच ती काम करते. रोज घेणं जमणार नसेल, तर निरोध किंवा तांबी बरी.

सुरुवात कधी करायची? पाळीच्या पाचव्या दिवशी, असं आपल्याकडे सांगतात. पहिल्या दिवशी केली तरी उत्तमच. पाचव्या दिवसापर्यंत सुरू केली तर लगेच संरक्षण मिळतं. त्यानंतर सुरू करायची असेल, तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घ्या आणि पहिले सात दिवस निरोधही वापरा. वेळ रोज एकच ठेवा. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. काहीजणी रात्रीच्या बातम्यांशी गाठ घालतात, काहीजणी देवापुढे दिवा लावण्याशी. पाकीट दिसेल अशा जागी, पण मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

आणि चुकली तर? काही तासांचा उशीर झाला तर काही बिघडत नाही. पूर्ण एक गोळी राहिली, तर आठवल्याक्षणी घ्या आणि पुढची तिच्या वेळी घ्या, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. ओळीने दोन किंवा जास्त राहिल्या, तर आठवल्याबरोबर एक घ्या, बाकीच्या चुकलेल्या सोडून द्या, रोजची एक पुढे चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. या दोन किंवा जास्त गोळ्या तिसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील, तर औषधाच्या उरलेल्या संपवा, लोहाच्या घेऊ नका, थेट नवं पाकीट उघडा. म्हणजे सुट्टी लांबायची नाही. त्या पहिल्या आठवड्यात राहिल्या आणि मागच्या काही दिवसांत संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. ती ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली. लोहाची गोळी राहिली तर काही होत नाही, ती टाकून द्या.

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी घ्या. उलट्या-जुलाब एक-दोन दिवस चालले, तर गोळ्या चुकल्या असं धरूनच वागा.

आता आकडा सांगते. अगदी नेमाने घेतली, तर वर्षभरात १,००० स्त्रियांपैकी साधारण तिघींना दिवस जातात. पण प्रत्यक्षात, विसरत-आठवत घेणाऱ्यांत हा आकडा १०० मध्ये सात असा आहे. एवढं अंतर गोळीच्या गुणात नाही, घेण्याच्या रीतीत आहे.

ही गोळी सगळ्यांना चालत नाही. म्हणून मैत्रिणीचं पाकीट मागून सुरू करू नका. आधी रक्तदाब मोजून घ्या. तो १४०/९० किंवा वर असेल, तर डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन निवडा. पस्तिशी उलटलेली आणि सिगारेट-विडी ओढणारी स्त्री असेल, तर ही गोळी नको. मिश्रीची किंवा तंबाखूची सवय असेल तर तीही डॉक्टरांपासून लपवू नका. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग, यकृताचा मोठा आजार असेल, तर नको. अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या रेषा दिसत असतील, तर नको. बाळ अंगावर पीत असेल, तर पहिले सहा आठवडे मुळीच नको आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो नको. अशांसाठी तांबी आहे, निरोध आहे. आठवड्याला घ्यायची 'छाया' ही बिनसंप्रेरकाची गोळीही पाजणाऱ्या आईला चालते. पण 'छाया' आणि 'माला' यांची गल्लत करू नका. दोन्ही गोळ्याच, पण घ्यायची रीत अगदी वेगळी.

गुठळीची भीती पुष्कळजणी बोलून दाखवतात. ती खोटी नाही, पण तिचं माप समजून घ्या. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. 'माला'सारख्या गोळ्यांवर पाच ते सात जणींना. ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या काही नव्या, महागड्या गोळ्यांवर नऊ ते बारा जणींना. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत हा धोका याहून कितीतरी जास्त असतो. तरीसुद्धा पाच खुणा लक्षात ठेवा. पोटात तीव्र कळा, छातीत दुखणं किंवा दम लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, अचानक अंधुक दिसणं, एका पोटरीला सूज येऊन दुखणं. यांतलं काहीही झालं, तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोळी घेते हे आधी सांगा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत मळमळ, छाती जड वाटणं, मधूनच डाग दिसणं असं होऊ शकतं. ते बहुधा आपोआप थांबतं. डाग दिसले म्हणून गोळी सोडू नका, सोडली की डाग वाढतात. "पुढे मूल होणार नाही" ही भीती मात्र निराधार आहे. गोळी थांबवली की बीज पिकणं पुन्हा सुरू होतं, पुष्कळजणींचं तर लगेचच. कर्करोगाचं म्हणाल, तर अंडाशयाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. स्तनाच्या कर्करोगाचा धोका घेत असेपर्यंत किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. गुप्तरोग आणि एचआयव्ही यांपासून ही गोळी वाचवत नाही. तिथे निरोधच हवा.

औषधांचं मी सुरुवातीला बोललेच. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिनसारखी काही औषधं आणि एचआयव्हीवरची काही औषधं गोळीचा असर उतरवतात. रिफाम्पिसिन बंद झाल्यावरही चार आठवडे तो परिणाम राहतो. या काळात तांबी उत्तम. सर्दी-खोकल्यात मिळणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या प्रतिजैविकांनी मात्र फरक पडत नाही. तरी सवय एकच ठेवा. कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की सांगा, "मी गर्भनिरोधक गोळी घेते." त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आणखी एक, खास आपल्या घरांतलं. गौरी-गणपती, लग्न किंवा वारी आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची मागणी वाढते. लक्षात घ्या, त्या गोळ्या गर्भनिरोधक नव्हेत. त्यांच्या भरवशावर राहून दिवस गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मिश्र गोळी नियमित घेणारीला त्यांची गरजच नाही. त्या महिन्यात तिने लोहाच्या गोळ्या वगळून सरळ नवं पाकीट सुरू केलं की पाळी पुढे जाते. सणात पाळी आली तर काय बिघडतं, हा प्रश्न मी तुमच्यावरच सोपवते.

त्या बाईचं पुढे काय झालं, असं तुम्हाला वाटत असेल. त्या दिवसांचा निर्णय तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून घेतला, तो त्यांचा त्यांच्यापाशी राहू दे. क्षयरोगाचे उपचार तिने पुरे केले, ती बरी झाली. आता तिने तांबी बसवून घेतली आहे. मागे एकदा ती आपल्या धाकट्या जावेला घेऊन आली. जावेला गोळ्या हव्या होत्या. मी बोलायला लागणार, तेवढ्यात तीच जावेला म्हणाली, "अगं, आधी बाईंना सांग, तुझी दुसरी कुठली औषधं चालू आहेत का."

'माला' म्हणजे माळ. रोजचा एक मणी ओवत गेलात तर ती पक्की राहते. मणी निसटला तर काय करायचं, ते आज सांगितलं. आणि सासूबाईंनो, नवरेमंडळींनो, सुनेच्या, बायकोच्या गोळीची रोज आठवण तुम्हीही करून देऊ शकता. चूक झाली की तिला बोल लावण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.