थोरलीला मैदानावर जाऊ द्या

 

आज हप्त्याचं नाही, खेळाचं बोलायचंय. खो-खोत आठ पोरी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, अन् नववी पाठलाग करते. कर्णधार पोरीला कोण पटकन उठते, कोण खो मिळाल्यावर गडबडते, कुणाला ओरडलं की रडू येतं, हे ठाऊक असावं लागतं. आपल्या घरातली थोरली हे घरातच शिकलेली असते. भांडण लागलं की कुणाला जवळ घ्यायचं अन् कुणाकडं नुसतं डोळे वटारून बघायचं, तिला बरोबर कळतं. पण घरात त्याला कुणी नेतृत्व म्हणत नाही. घरात त्याला काम म्हणतात.

थोरल्याच्या वाट्याला कष्ट येतात, मान येतोच असं नाही. याची एक जुनी गोष्ट आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. शिवराम, गणपत, विठ्ठल हे त्यांचे धाकटे भाऊ. पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर महिना चार रुपयांवर बाळू मैदानाची कामं करायचे, साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. त्यातून असे गोलंदाज झाले की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानावर सोबत, पण चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात! आपल्या साताऱ्यातही गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध त्यांनी सात गडी बाद केले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. एवढं करून संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही, ते जातीपायी.

थोरल्याच्या मागं धाकटेही मोठे खेळाडू झाले. १९२० साली बाळूंना संघातून वगळलं, विठ्ठलचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला. तेव्हा विठ्ठल अन् शिवराम दोघांनी खेळायलाच नकार दिला. मग बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलवावं लागलं. अन् १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले, संघ जिंकलाही.

बघा, कर्णधार धाकटा झाला. म्हणून थोरलं असलं की पुढारीपण आपोआप येतं, असं मी म्हणणार नाही. नुसता हुकूम सोडणाऱ्या थोरल्याही आपण पाहिल्यात. (थोरल्या जावांचं नाव मी घेत नाही, घरी जायचंय मला.) हुकूम सोडणारीचं मैदानावर फार दिवस चालत नाही. खो देणारी दुसरीच्या पायावर विश्वास टाकते, तेव्हाच खेळ पुढं सरकतो. घरात सगळं एकटीनं ओढायची सवय लागलेल्या थोरलीला हेच शिकायची गरज असते. मैदानावर आठ जणी तिच्यासाठी उठतात.

अडचण वेळेची आहे. सरावाची वेळ संध्याकाळची, अन् तेव्हाच धारा, स्वयंपाक, धाकट्याला सांभाळणं. मग खेळ सुटतो तो थोरलीचाच. धाकटी जाते, थोरला मुलगा तर विचारतही नाही.

आपण गटात पैशाची अडचण दहा जणींत वाटून घेतो. ही पण वाटता येईल. एका आळीतल्या चार घरांची लहान पोरं आळीपाळीनं एका घरी बसली, तर चार थोरल्या मैदानावर जातात. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वही मिटायच्या आधी एवढं विचारा: सोमवारी कुणाकडं, मंगळवारी कुणाकडं? अन् भावांचीही नावं त्या यादीत घाला.