धीर देणाऱ्याचा धीर
(वर्षावासातील व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासात व्याख्यान म्हटले की पंचशील, अष्टांगिक मार्ग, बावीस प्रतिज्ञा असे विषय आपण ऐकत आलो आहोत. आज बोलायचे आहे ते मनाच्या आजाराबद्दल, आणि तेही एका विशिष्ट माणसाच्या. वस्तीत कुणाकडे मयत झाली की ज्याला रात्री दोन वाजता उठवतात, नवरा-बायकोचे भांडण ज्याच्या ओट्यावर येऊन मिटते, दहावी नापास झालेल्या पोराला "याला जरा समजावा हो" म्हणून ज्याच्यासमोर आणून बसवतात, तो माणूस. कधी तो बौद्धाचार्य असतो, कधी गायक, कधी महिला मंडळाची अध्यक्षा, तर कधी नुसतीच घरातली थोरली ताई. सगळ्यांना धीर द्यायचा हे त्याचे काम. त्याचेच मन खचले तर त्याने जायचे कुठे?

हा प्रश्न पुस्तकातला नाही. आपल्या याच पट्ट्यातला आहे. शाहीर विलास घोगरे हे नाव आपल्यापैकी जुन्या माणसांना सांगायला नको. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा हा शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या माहितीपटात झोपडी तुटलेल्या माणसांचे दुःख त्यांच्याच आवाजात ऐकू येते. त्यांचे गाणे ऐकून कितीतरी माणसे उभी राहिली.

पुढे 11 जुलै 1997 उजाडला. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे पहाटे दिसले, लोक जमले, आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दहाजण गेले. घोगरे त्या वस्तीत जाऊन आले. चारच दिवसांनी, 15 जुलैला, मुलुंडच्या आपल्या घरी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. पटवर्धन यांचा 2011 चा 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट तिथूनच सुरू होतो. तो तयार व्हायला चौदा वर्षे लागली.

त्यांच्या मनात त्या चार दिवसांत काय चालले होते हे कुणी ठामपणे सांगू नये, आम्हीही सांगणार नाही. एका घटनेने माणूस जातो असे सरळ गणित नसते. ज्या सांस्कृतिक पथकात ते गात, तिथून त्यांना बाहेर पडावे लागले होते. गरिबी तर पाचवीलाच पुजलेली. काहीजण या मृत्यूला हौतात्म्य म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. त्यांच्या गाण्याचा गौरव करावा, मृत्यूचा करू नये, कारण समोर बसलेली पोरे ऐकत असतात. एवढे मात्र खरे की शाहिराला आपण फर्माईश करतो, "ते गाणे होऊन जाऊ द्या" म्हणतो, "शाहीर, तुम्ही कसे आहात?" हे विचारायचे राहून जाते.

आता कुणी म्हणेल, आपण भीमाची लेकरे, आपल्याला रडणे शोभते का? बाबासाहेब कधी खचले का?

बघा, या बाबतीत आपले वक्ते एक घाई करतात. बाबासाहेब आणि रमाईंची चार मुले गेली, यशवंतराव तेवढे राहिले, हे आपण सांगतो आणि पुढच्याच वाक्यात महाडला पोचतो. मधले महिने गाळतो. सर्वांत धाकटा राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले 20 मार्च 1927 ला. मध्ये आठ महिने आहेत. त्या आठ महिन्यांच्या सुरुवातीलाच, ऑगस्टमध्ये, त्यांनी दत्तोबा पवार या आपल्या सहकाऱ्याला पत्र लिहिले. मुलाच्या जाण्याने आयुष्यातली चवच गेली, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. ज्याच्याकडे लाखो लोक डोळे लावून बसणार होते, त्या माणसाने आपले दुःख गिळून टाकले नाही, एका माणसाला कळवले. 1956 साली दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या बंगल्यात शेवटच्या महिन्यांतही तेच. चळवळीच्या काळजीने बाबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते मन त्यांनी नानकचंद रत्तूंजवळ मोकळे केले. रत्तूंनी लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळले. तेव्हा बाबासाहेबांचा अनुयायी रडत नाही, हे कुणी सांगू लागला तर त्याला हे दोन दाखले द्यावेत.

भगवंतांचे तर याहून स्पष्ट आहे. पावा नगरीत रात्री उशिरापर्यंत मल्लांना उपदेश केल्यावर त्यांनी सारिपुत्ताला सांगितले की माझी पाठ दुखते आहे, मी जरा पाठ टेकतो, पुढचे तू सांग. आणि सारिपुत्ताने पुढचे सांगितले. सभेत कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. संयुत्त निकायात आणखी एक प्रसंग येतो. महाकस्सप आजारी पडले तेव्हा भगवंतांनी त्यांना सात बोज्झंग म्हणून दाखवले. मोग्गल्लान आजारी पडले तेव्हाही तसेच. नंतर वेळूवनात स्वतः भगवंत आजारी पडले. जवळ महाचुंद होते. भगवंतांनी त्यांना म्हटले, चुंदा, बोज्झंग म्हण. जे त्यांनीच शिकवले होते ते त्यांना काय नवीन होते? तरी दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकावेसे वाटले, आणि त्यांनी ते मागून घेतले. ते दुखणे शरीराचे होते हे खरे, पण मागून घेण्याची रीत मनाच्या दुखण्यालाही लागू पडते.

आपल्याकडे स्वयंप्रकाशित होण्याच्या शिकवणीचा अर्थ अनेकदा "तुझे तू बघ" असा लावला जातो. स्वतःचा दीप व्हा म्हणजे एकट्याने जळत बसा, असे कुठे आहे? रोज वंदनेत आपण तिसरे शरण कुणाला जातो? संघालाच ना!

बोज्झंगांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. मन सुस्त, खाली बसलेले असेल तेव्हा काय करावे, याला भगवंतांनी चुलीचा दृष्टांत दिला आहे. लहानशा आगीवर ओले गवत, ओले शेण, ओले लाकूड टाकले तर ती पेटेल का? नाही. म्हणून खचलेल्या मनाला शांतीच्या, समाधीच्या, उपेक्षेच्या अंगांकडे ढकलण्याची ती वेळ नव्हे. विचार, उद्योग आणि आनंद यांची सुकी काटकी तेव्हा लागते. खचलेल्या माणसाला आपण काय सांगतो? "डोळे मिटून शांत बस." तो एकटा कोपऱ्यात बसतो आणि तेच विचार घोळवतो. त्यापेक्षा त्याला बरोबर घेऊन चालायला जावे, विहाराची झाडलोट दोघांनी मिळून करावी.

विपश्यनेबद्दलही विचारले जाते. इगतपुरी आहे, बोरिवलीजवळ गोराईचा पॅगोडा आहे, आपली माणसे जातात, चांगलेच आहे. परंतु गंभीर मानसिक आजारात दहा दिवसांचे शिबिर ती केंद्रेही सुचवत नाहीत. अर्जातच मनाच्या आजाराविषयी विचारलेले असते. तिथे खरे लिहावे आणि आधी डॉक्टरांना विचारावे.

कारण उदासी वेगळी आणि नैराश्याचा आजार वेगळा. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, जेवण जात नाही किंवा नको इतके खाल्ले जाते, आवडीच्या कामाचाही कंटाळा येतो, "माझा काही उपयोग नाही" असे वाटते, मरणाचे विचार येतात. पुरुषमाणसात पुष्कळदा हे रडण्यात दिसत नाही, चिडण्यात नाहीतर दारूत दिसते. आणि धीर देणाऱ्या माणसात तर ते दिसतच नाही. जलदान विधीला तो अनित्यतेवर तासभर सुंदर बोलतो, घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपतो. हे फक्त त्याच्या बायकोला माहीत असते, आणि ती कुणाला सांगत नाही, कारण "लोक काय म्हणतील, दुसऱ्यांना ज्ञान सांगतात आणि यांच्याच घरी..."

मधुमेह झालेल्या डॉक्टरला कुणी असे म्हणते का?

शीव, केईएम, नायर, कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, केसपेपर काढून दाखवता येते. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत "फरक नाही" म्हणून सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नयेत. 2022 पासून सरकारची टेलिमानस सेवा आहे. 14416 हा क्रमांक फिरवला की रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. ज्याला सगळी वस्ती ओळखते त्याला अनोळखी माणसाशी बोलणे सोपे जाते, हा त्याचा आणखी एक फायदा. पोलिस केसच्या भीतीने काही घरे प्रकार लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देऊ पाहणाऱ्याला शिक्षेचा नव्हे, उपचाराचा हक्क दिला आहे. मरणाचे विचार येतात का, हे माणसाला स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून त्याला हलके वाटते. त्या रात्री मात्र त्याला एकटे सोडू नये.

आणि ज्यांच्यावर इतरांचा भार आहे त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे. "आज मला जमणार नाही, दुसऱ्याला बोलवा" हे वाक्य म्हणायला शिका. खोटे हसून दिलेला धीर समोरच्यालाही कळतो. "मलाही हल्ली बरे नाही, मी दवाखान्यात जातो आहे", असे बौद्धाचार्याने एकदा सांगितले तर ज्या चार घरांत हे लपवले जाते त्यांना दार उघडते. वस्ती कोसळत नाही. आपण नाही म्हटल्यावर विधी अडला, असे कुठे झाल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. कुणीतरी पुस्तिका घेऊन उभा राहतोच.

विहार समितीशी बोलून काही गोष्टी ठरल्या आहेत. येत्या रविवारपासून वंदना एकाच माणसाने घ्यायची नाही, पाळी लावायची. मयतीच्या घरी बौद्धाचार्यांबरोबर दुसरा एकजण कायम जाईल, आणि विधी आटोपल्यावर त्यांना घरापर्यंत सोडून, चहा घेऊन मगच परत येईल. महिला मंडळाच्या ताईंकडे येणारी भांडणे दोघींनी मिळून ऐकायची. 14416 हा क्रमांक फळ्यावर वर्गणीच्या यादीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिला जाईल. पाळीसाठी आतापर्यंत सहा नावे आली आहेत, त्यांत दोन अकरावीतल्या मुली आहेत. आणखी ज्यांना द्यायची असतील त्यांनी सरणत्तय झाल्यावर चिटणीसांकडे द्यावीत. पाठांतर कच्चे असले तरी चालेल, पुस्तिका हातात मिळेल.

नमो बुद्धाय, जयभीम!