वल्हं आपल्या हातात

दूर पॅसिफिक महासागरातली बेटं बोटीतून निवांत बघत फिरायला लोक भरपूर पैसे मोजतात. आपल्या बुरोंडी-लाडघरलाही पाहुणे समुद्र बघायलाच येतात. त्यांचं जेवण आपण रांधतो, खोल्या आपण झाडतो. होडीवर मात्र आपण नसतो.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत वेगळं घडलं. तिथल्या 'स्वामिनी' बचतगटाच्या बायकांनी २०१७ साली कांदळवन सफर सुरू केली. होडी त्या स्वतः वल्हवतात. इंजिन नाही, म्हणून धूर नाही, आवाज नाही. पक्षी बिचकत नाहीत. तिवर कुठलं, चिप्पी कुठली, हेही त्याच सांगतात. या झाडांच्या मुळांत मासळीची, कोलंबीची पिल्लं वाढतात. झाडं राहिली तर मासळीही राहील आणि सफरही.

आपल्यापुढे उघडा समुद्र. तिथे वल्ह्याचं धाडस नको. पण दाभोळची, आंजर्ल्याची खाडी फार लांब नाही. पुढच्या बैठकीत एवढंच ठरवू या: परवानगी, लाइफ जॅकेट आणि भरती-ओहोटीच्या वेळा, यांची चौकशी कोण करणार? आणि हो, पोहता कुणाकुणाला येतं, तेही मोजू या.