घरबसल्या मत, पण अर्ज वेळेत

पालघर जिल्ह्यातल्या दांडीच्या कोळीवाड्यात पंच्याऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंना केंद्रापर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न दर निवडणुकीत पडतो. लोकसभा-विधानसभेला त्यावर सोय आहे, नमुना 12-ड हा अर्ज भरून घरूनच मत देण्याची. वयाची अट आधी 80 होती, मार्च 2024 मध्ये ती 85 झाली. ही सोय 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांनाही आहे; त्यांनी प्रमाणपत्राची प्रत जोडायची.

अर्जासाठी पालघरला खेटे घालायला नकोत; बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) तो घरी आणून देतात. मुदत मात्र तोकडी, अधिसूचनेनंतर जेमतेम पाच दिवस! 2024 च्या लोकसभेला इथं अधिसूचना निघाली 26 एप्रिलला आणि मतदान होतं 20 मेला. प्रचाराची गाडी गावात फिरेपर्यंत थांबलात, तर अर्जाची वेळ टळलेली असते.

अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ (पोस्टल बॅलट, म्हणजे टपाली मतपत्रिका) अशी खूण होते. मग केंद्रावर मत देता येत नाही. मतदान पथक पोलीस आणि व्हिडिओ कॅमेऱ्यासह घरी येतं. मत गुप्तच राहतं, सुनेनं डोकावायचं नाही! पहिल्या फेरीत घरी कुणी नसेल, तर पथक आणखी एकदाच येतं.

बोटीवर गेलेल्या खलाशाला मात्र ही सवलत नाही. किनारपट्टीच्या मतदारसंघात ही उणीव खटकते.