नव्या स्वाराचा आत्मविश्वास

मोटारसायकलला मराठी माणसाने ‘फटफटी’ हे नाव दिले, ते तिच्या आवाजावरून. वाहन दिसण्यापूर्वीच ते कानी पडे, आणि जे नाव पडले त्यात थोडी थट्टा, थोडे कौतुक व थोडी भीतीही मिसळलेली राहिली. १८८५ साली जर्मनीत गॉटलीप डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून अशी पहिली गाडी तयार केली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंस एकेक लहानसे आधाराचे चाक त्यांनी लावले होते. पुढे ती चाके गळून पडली आणि तोल राखण्याचे काम सर्वस्वी स्वारावर येऊन पडले. प्रत्येक नवा स्वार आजही नेमक्या याच ठिकाणापासून सुरुवात करतो. आधाराची चाके नाहीत, ही जाणीव त्याला पहिल्या दिवशी होते. आणि त्यांच्यावाचून आपले चालते, ही खात्री पटेपर्यंत कित्येक आठवडे जातात.

फटफटी हे एके काळी हौसेचे वाहन होते. आता ते पोटापाण्याचे वाहन झाले आहे. पुणे, नागपूर, इंदूर किंवा हैदराबाद, कोणत्याही शहरात सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास मोठ्या चौकात उभे राहिले, तर डबा पिशवीत घालून कामाला निघालेल्या दुचाकीस्वारांची रांगच्या रांग दिसते. या रांगेत कोणी विसाव्या वर्षापासून गाडी चालविणारा असतो, तर कोणी तिशी-पस्तिशीत प्रथमच हँडल हाती घेतलेला असतो. बदली होते, घर शहराच्या कडेला घ्यावे लागते, दोन बसगाड्या बदलून कचेरी गाठण्यात दीड-दीड तास जातो, आणि अखेरीस घरात विचारविनिमय होऊन गाडी घेतली जाते. गाडी दारात येते त्या दिवशी तिला हार घालतात, पेढे वाटतात. मात्र दुसऱ्या दिवशी ती रहदारीत न्यायची आहे, या विचाराने नव्या स्वाराच्या पोटात गोळा उठतो, आणि ही गोष्ट तो सहसा कोणास सांगत नाही.

ही भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी शेकडा सुमारे ४४ दुचाकीवरील होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांच्या घरात होती. यांतील कितीतरी जण कामावर जाणारे वा कामावरून परतणारे असले पाहिजेत. तेव्हा नवशिक्याच्या मनातील भय हा त्याचा दुबळेपणा नव्हे. परिस्थितीचे ते यथार्थ ज्ञान आहे. प्रश्न एवढाच की, या भयाचे रूपांतर कशात व्हावे.

मित्रमंडळींचे उत्तर ठरलेले असते. “घाबरू नकोस, आठ दिवसांत सवय होईल,” असे ते सांगतात. सवय होते हे खरे. परंतु सवय आणि कौशल्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोज त्याच रस्त्याने जाऊन भीती बोथट होते, पण हात मात्र होता तसाच कच्चा राहू शकतो. आत्मविश्वास हा वेगातून येतो अशीही एक समजूत आहे. वस्तुतः तो थांबता येण्यातून येतो. समोर अकस्मात काही आले तर आपण गाडी कोठे व किती अंतरात उभी करू शकू, हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याला चाळीसच्या वेगाने जाताना छाती धडधडण्याचे कारण उरत नाही. ज्याला ते ठाऊक नाही, त्याचा धीर हा केवळ नशिबावर टाकलेला हवाला होय.

म्हणून पहिला धडा ब्रेकचा असावा. मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाताशी व मागचा उजव्या पायाशी असतो. “पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील,” असा उपदेश नव्या स्वाराला हमखास ऐकावा लागतो, आणि तो अर्धाच खरा आहे. गाडीचा वेग कमी होऊ लागला की तिचा भार पुढे सरकतो. मागच्या चाकावरील दाब घटतो व पुढच्यावरील वाढतो. त्यामुळे गाडी थांबविण्याचे अधिक काम पुढचे चाकच करू शकते. धोका आहे तो एकदम आवळण्यात, वाळूवर आवळण्यात, गाडी वळणावर कललेली असताना आवळण्यात. गाडी सरळ असावी, दोन्ही ब्रेक एकत्र लावावेत आणि पुढचा ब्रेक लिंबू पिळावे तसा क्रमाने वाढता दाब देत दाबावा, हे खरे तंत्र. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना चाक जखडू न देणारी ब्रेकव्यवस्था, व त्याहून लहान गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी व्यवस्था सक्तीची झाली. यंत्राने असे साहाय्य केले, तरी ब्रेक योग्य वेळी लावण्याची बुद्धी यंत्र देत नाही.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. ६० च्या वेगाने जाणारी जवळजवळ १७ मीटर. संकट दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर काहीही न करता संपलेले असते. त्यापुढे ब्रेक लागल्यावर गाडी जे अंतर घेते ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० चे ६० केले म्हणजे वेग दीडपट होतो, पण हे अंतर सव्वादोनपट होते. हे गणित कागदावर समजणे वेगळे आणि रविवारी सकाळी रिकाम्या मैदानावर खडूची रेघ मारून, आधी २० च्या व मग ३० च्या वेगाने येऊन, रेघेपासून गाडी कोठे उभी राहते हे डोळ्यांनी पाहणे वेगळे. असे पंचवीस वेळा केलेल्या माणसाच्या मनात जो धीर येतो, तो कोणाच्या शाबासकीने येत नाही.

दुसरा धडा मंद गतीचा. वेगात गाडी स्वतःचा तोल बरीचशी स्वतःच सांभाळते. खरी कसोटी लागते ती सिग्नलपाशी, गर्दीत, उड्डाणपुलाच्या चढावर. तेथे गाडी बंद पडते, मागून भोंग्यांचा गजर सुरू होतो, आणि घाबरून क्लच एकदम सुटला की गाडी पुन्हा बंद पडते. यावर उपाय साधा आहे. चढावर मागचा ब्रेक पायाने धरून ठेवावा, क्लच सावकाश सोडत इंजिनाचा आवाज किंचित जड होईपर्यंत यावे, मग थोडी रेस देऊन ब्रेक सोडावा. गाडी मागे सरत नाही. परवान्याच्या परीक्षेत जो आठचा आकडा काढावा लागतो, त्याची अनेक जण थट्टा करतात. परंतु क्लच, मागचा ब्रेक व नजर या तिघांचा मेळ घालण्यास त्याच्याइतका सोपा अभ्यास दुसरा नाही. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून पक्क्या परवान्याच्या परीक्षेपर्यंत निदान तीस दिवस जावे लागतात, आणि शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते. तीस दिवसांची ही अट म्हणजे सरकारी दिरंगाई असे मानण्यापेक्षा, ती सरावासाठी दिलेली सवड आहे असे मानणे हिताचे.

तिसरा धडा डोळ्यांचा. गाडी जिकडे नजर तिकडे जाते. खड्डा चुकवू पाहणारा नवशिका नेमका त्याच खड्ड्यात जातो, कारण त्याची दृष्टी खड्ड्यावर खिळलेली असते. खड्डा एकदा पाहून त्याच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याकडे नजर वळविली की हातही आपोआप तिकडे वळतात. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे व्यावसायिक. त्यांपैकी विल्बर राइट याने असे निरीक्षण नोंदविले होते की, डावीकडे वळणारा सायकलस्वार प्रथम हँडल क्षणभर उजवीकडे लोटतो, पण विचारले तर तसे केल्याचे त्याला सांगता येत नाही. मोटारसायकलीचेही तसेच आहे. शरीर पुष्कळसे आपोआप शिकते. त्याला योग्य ठिकाणी पाहावयास लावणे, हे मनाचे काम.

मैदानावरून रस्त्यावर येण्याचाही एक क्रम असतो. पुण्यात धायरीस राहणारा व कॅम्पातील कचेरीत जाणारा एखादा लिपिक घ्यावा. सिंहगड रस्ता, दांडेकर पूल, सारसबागेजवळून स्वारगेट आणि तेथून पुलगेटमार्गे कॅम्प, असा त्याचा दहाबारा किलोमीटरांचा मार्ग. हा मार्ग त्याने सोमवारी सकाळी नऊ वाजता प्रथमच गाडीने आक्रमू नये. एखाद्या सुट्टीच्या दिवशी पहाटे तो एकदा जाऊन यावा. गतिरोधक कोठे आहेत, रस्ता कोठे एकदम अरुंद होतो, लोखंडी झाकण कोठे उंच आले आहे, याची मनोमन नोंद करावी. स्वारगेटला शहराच्या बसगाड्या व एस.टी.च्या गाड्या यांची गर्दी असते व अनेक रस्ते एकत्र येतात. तेथे कोणत्या बाजूस राहावे हे अगोदर ठरवावे. त्यानंतरचे काही दिवस नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघावे. हा अर्धा तास सर्वांत मोलाचा, कारण हजेरीची वेळ टळण्याची धास्ती ही नव्या स्वाराकडून अनेक चुका करविते. मागे कोणास बसविण्याचा आग्रह झाला, तरी पहिले दोन-तीन महिने नम्रपणे नकार द्यावा. मागचा माणूस बसला की ब्रेक, वळण, तोल सारेच बदलते.

दुसऱ्याला आपण दिसतो, असे मात्र नव्या स्वाराने कधीही गृहीत धरू नये. अमेरिकेत प्राध्यापक हॅरी हर्ट व त्यांचे सहकारी यांनी लॉस एंजल्स परिसरातील मोटारसायकलींच्या ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात असे आढळले की, दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी दोनतृतीयांशांत त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा मार्ग अडविला होता. भारतात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळत राहतो, तो याचसाठी. तरीही बसच्या अगदी शेजारून जाणाऱ्याला बसचालक पाहू शकत नाही; आणि प्रवासी दिसताच रिक्षा कडेला वळणार, हे धरूनच चालावे. चालकाचा चेहरा त्याच्या आरशात आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच अहवालातील आणखी दोन गोष्टी बोलक्या आहेत. अपघात टाळण्यासाठी स्वाराला बहुधा दोन सेकंदांहूनही कमी वेळ मिळत होता, आणि त्या वेळात पुष्कळांनी मागचा ब्रेक आवळून चाक घसरविले, पण पुढच्याचा पुरेसा उपयोग केला नाही. तसेच अपघातग्रस्त स्वारांपैकी निम्म्याहून अधिकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांहूनही कमी अनुभव होता, जरी रस्त्यावर गाडी चालविण्याचा त्यांचा एकूण अनुभव सरासरीने तीन वर्षांच्या जवळपास होता. म्हणजे नवी गाडी जुन्या स्वारालाही नवशिका बनविते. पहिल्या आठवड्यात भीती त्याचे रक्षण करते. खरा जपण्याचा काळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतो, जेव्हा भीती गेलेली असते व कौशल्य अजून यावयाचे असते. जेव्हा बोलता बोलता एका हाताने गाडी चालविता येते, आणि हेल्मेट आरशावर लटकवून ‘येथेच तर जायचे आहे’ असे म्हणावेसे वाटते. हेल्मेटावर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असावे आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा. पट्टा न बांधलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पडते.

पाऊस ही वेगळी परीक्षा होय. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साठलेले तेल व धूळ यांचे निसरडे सारवण होते. रंगविलेले पट्टे व लोखंडी झाकणे यांवर चाक सहज सरकते. अशा दिवशी निम्म्या वेगाने जाणे, पुढील वाहनापासून दुप्पट अंतर राखणे, किंवा सरळ बसने जाणे, यांत काही कमीपणा नाही. आज गाडी नेऊ नये हे ज्याला वेळेवर ठरविता येते, तो स्वार म्हणून पक्का होत चालला आहे असे खुशाल समजावे.

कचेरीतील सहकारी हळू जाणाऱ्याची चेष्टा करतात आणि मागचे वाहन भोंगा वाजविते. नव्या स्वाराला रस्त्यापेक्षाही या लोकलज्जेचा ताण अधिक होतो, आणि पुष्कळदा तो तिच्यापायीच स्वतःच्या आवाक्याबाहेरचा वेग गाठतो. त्याने आपल्या मनाशी एवढेच धरावे की, मागच्याच्या घाईचे देणे आपण लागत नाही. डावीकडे सरून त्याला वाट द्यावी व आपल्या गतीने पुढे जावे. संध्याकाळी घरची माणसे जिन्यातील पावलांकडे कान लावून बसलेली असतात. त्यांना तो दहा मिनिटे उशिरा आला तरी चालते. यावा एवढीच त्यांची इच्छा असते. थांबता येण्याची कला साधलेला स्वार त्यांची ती इच्छा रोज पुरी करतो, आणि असे रोज सुखरूप परतणे वर्षभर चालले की आत्मविश्वास आला काय, असे त्याला कोणास विचारावे लागत नाही.