नर्सबाई कोपीवर येते तेव्हा



पिकावर कीड दिसली की आपण कृषी सहायकाला शिवारात बोलावतो. पण गरोदर सुनेची चौकशी करायला नर्सबाई आली, की "ती कामावर गेली" असे सांगून तिला वाटेला लावतो. हे दार कसे उघडते, ते आपल्याच जिल्ह्यातील जामखेडने दाखविले आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तेथे काम सुरू केले. लोकांना औषधाआधी पाणी आणि धान्य हवे होते; त्यात 1972 चा दुष्काळ. म्हणून आधी हातपंप आणि शेतकऱ्यांची मंडळे, आरोग्याचे बोलणे नंतर. शिकलेल्या नर्सेस गावात पाठविल्या, पण बाहेरची तरुण मुलगी बायांना परकी वाटे. मग गावानेच आपल्यातील एक बाई निवडायची असे ठरले. त्या बहुतेक निरक्षर, कित्येक दलित वस्तीतील. जामखेडला येऊन शिकायच्या आणि परतून घरोघरी सांगायच्या. त्यांच्या ओळखीवर नर्सही चुलीपर्यंत पोहोचली. 1971 साली या भागात हजार जन्मांमागे 176 बालके वर्षाच्या आत दगावत. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला.

आज खरी अडचण ऊसतोडीची आहे. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेडकडील जोडपी कोयता घेऊन कारखान्यावर जातात. दुपारी गेलेल्या नर्सला कोपी रिकामीच सापडते. जाणती नर्स संध्याकाळी, चुली पेटल्यावर जाते. आधी मुकादमाशी आणि सासूशी बोलते. पहिल्याच भेटीत वही उघडत नाही, कुटुंबनियोजनाचा विषय तर नाहीच. लशीने बाळाला ताप येऊ शकतो हे आधी सांगते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारते. माझ्या मते ही दुसरी फेरीच महत्त्वाची. बाळ तापले आणि बाई फिरकली नाही, तर पुढे त्या टोळीत कोणी सुई टोचून घेत नाही.

तुमच्या फडात टोळी उतरली, तर गरोदर बाया आणि लहान मुले किती, हे त्याच दिवशी आशाताईला किंवा उपकेंद्रात कळवा. तपासणीच्या दिवशी त्या बाईला मोकळीक मिळावी म्हणून मुकादमाशी तुम्हीच बोला. तुमचा शब्द तो मोडत नाही. आणि तुमच्या गावातून कोणी तोडीला निघाली असेल, तर माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या पिशवीत घातले का, ते विचारा. कार्ड घरच्या पेटीत राहिले, की कोणती लस झाली आणि कोणती राहिली, हे तिकडच्या नर्सला समजत नाही.