किल्ली देण्याआधी



आज आम्ही मोटारगाडीविषयी बोलणार आहोत. गाडी कशी चालवावी, हे सांगणार नाही. ते तुमच्यातल्या पुष्कळांना आमच्याहून चांगले येते. गाडी दुरुस्तीला देताना काय पाहावे, एवढेच सांगणार आहोत.

पूर्वी बैलगाडीच्या चाकाची धाव निसटली, तर चाक लोहाराकडे न्यायचे. लोहार धाव बसवून द्यायचा. तो काही गाडी जुंपून रस्त्याने हाकीत नसे. मोटारीचे तसे नाही. ब्रेक नीट लागतो का, गिअर पडतो का, हे गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. म्हणून मिस्त्री म्हणतो, “आबा, किल्ली राहू द्या. एक चक्कर मारून बघतो.” त्यात त्याचे काही चुकत नाही.

आता समजा, आबांनी किल्ली दिली आणि ते बाजारात गेले. मिस्त्रीच्या हाताला दुसरे काम होते. त्याने गॅरेजातल्या पोराला हाक मारली, “जा रे, जरा चक्कर मारून ये.” पोरगा गेला. वळणावर त्याला गाडी आवरली नाही. भाजीची पाटी घेऊन एक बाई कडेने चालली होती. तिला धक्का बसला आणि तिचा पाय मोडला. गाडीचा पत्रा चेपला, दिवा फुटला.

झाले, तंटा सुरू झाला.

आबा म्हणाले, “गाडी मी चालवीत नव्हतो.”

मिस्त्री म्हणाला, “मी तरी कुठं चालवीत होतो? आणि गाडी तुमची, माझी नव्हे.”

पोरगा रडू लागला. आणि ती बाई? ती दवाखान्यात पडून आहे. तिच्या औषधपाण्याचा खर्च कोणी द्यायचा? तिची मजुरी बुडाली, ती कोणी भरून द्यायची?

आधी तिचीच गोष्ट पाहू. कारण तिचा काही दोष नाही.

आपल्या देशात १९८८ सालचा मोटार वाहन कायदा लागू आहे. त्यात सांगितले आहे की विमा उतरवल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. हा विमा मालकासाठी नाही. तो रस्त्यावरच्या तिऱ्हाईत माणसासाठी आहे. याला लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर त्याची भरपाई विमा कंपनीने द्यायची, असा त्याचा अर्थ.

पण गाडी मिस्त्रीच्या ताब्यात असताना इजा झाली, तर? असाच एक खटला गोव्यातून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मालकाने गाडी दुरुस्तीला दिली होती. ती दुरुस्त करणाऱ्याकडे असताना तिच्यामुळे एका तिऱ्हाईत माणसाला इजा झाली. १९८८ साली न्यायालयाने निकाल दिला. गाडी मालकाने स्वतः वापरली काय, किंवा दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या हाती दिली काय, तिऱ्हाइताला भरपाई देणे विमा कंपनीला चुकत नाही. नाहीतर निरपराध माणूस उपाशी राहील आणि विम्याचा कायदा करण्याचा हेतूच फुकट जाईल.

म्हणजे आबांच्या गाडीचा विमा चालू असेल, तर त्या बाईला आधार आहे. मुदत संपलेली असेल, तर कंपनी हात वर करील. मग मिस्त्री आणि आबा, दोघांनाही कोर्टाची पायरी चढावी लागेल. शिवाय विम्यावाचून गाडी रस्त्यावर आणू दिली, हा वेगळा गुन्हा. त्याला कायद्यात पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितले आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. पाना-पक्कड चालवता येते, म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना असतोच असे नाही. गाडी गॅरेजची असो की गिऱ्हाइकाची, रस्त्यावर चालवणाऱ्याजवळ त्या जातीच्या गाडीचा परवाना हवाच. परवाना नसलेल्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी ज्याच्या ताब्यात असेल, त्यालाही हाच नियम आहे. म्हणजे मिस्त्रीही सुटत नाही. पोरगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर गोष्ट फार गंभीर. २०१९ साली कायदा कडक झाला. आता पोराच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तुम्ही म्हणाल, “विमा आहे ना, मग आम्हाला काय त्याचे?” तसे नाही. चालवणाऱ्याजवळ परवाना नसला, तर कोर्ट कंपनीला सांगू शकते, “जखमी माणसाला आधी पैसे दे, मग मालकाकडून वसूल कर.” मग कंपनी आबांच्या दारात येईल. पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. नुसता परवाना नव्हता एवढ्यावर मालक दोषी ठरत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली होती की नाही, हेही पाहायचे. आबांनी परवाना मागून पाहिला असता, तर तेच त्यांच्या बाजूने बोलले असते. परवाना पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे शेताचा तुकडा वाचवू शकतात.

तिसरी गोष्ट चेपलेल्या पत्र्याची. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही त्यातून मिळत नाही. ‘फुल इन्शुरन्स’ असेल, तर मिळू शकतो. पण त्यातही अटी असतात. चालवणाऱ्याजवळ परवाना हवा, ही त्यातली मोठी अट.

मग मिस्त्रीची जबाबदारी काहीच नाही का? आहे तर! १८७२ सालचा कराराचा कायदा आहे. दुसऱ्याची वस्तू कामासाठी आपल्याजवळ आली, तर शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी जपतो तशी ती जपावी, असे तो सांगतो. हयगय केली, तर नुकसान भरून द्यावे लागते. आणि ठरलेल्या कामावाचून वस्तू वापरली, तर त्या वापरात झालेले नुकसान त्याच्याच माथी. ब्रेक पाहायला एक चक्कर मारणे वेगळे. गिऱ्हाइकाच्या गाडीतून पाहुण्यांना आणायला स्टँडवर जाणे वेगळे.

आमच्यासमोर काही गॅरेजवाले भाऊही बसले आहेत. त्यांनाही सांगणे आहे. गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी गॅरेजवाल्याला वेगळा विमा काढता येतो. त्याची चौकशी करा. चक्कर मारायला परवानेवाल्यालाच पाठवा. तुमचा कामगार कामावर असताना जखमी झाला, तर त्याची भरपाई तुमच्यावर येते, हेही विसरू नका.

आता कामाचे बोलू. गाडी टाकताना एक चिठ्ठी लिहा. तारीख लिहा. गाडीचा नंबर लिहा. काम कोणते, ते लिहा. मीटरवर किती किलोमीटर दिसतात, ते लिहा. आधीचे ओरखडे असतील, तर तेही लिहा. शेवटी लिहा, “चक्कर मारायची तर परवानेवाल्यानेच मारावी. दुसऱ्या कामाला गाडी नेऊ नये.” खाली दोघांच्या सह्या. एक चिठ्ठी तुमच्याजवळ, एक मिस्त्रीजवळ. मिस्त्री हसला तर हसू द्या. चिठ्ठी दोघांच्याही उपयोगाची आहे. उद्या तुम्ही खोटा आळ घेतलात, तर ती त्यालाही वाचवील.

आणि इतके करूनही अपघात झाला, तर? भांडत बसू नका. आधी जखमी माणसाला दवाखान्यात न्या. पोलिसांना कळवा. विमा कंपनीला कळवा. चालवणारा दुसराच होता, ही गोष्ट लपवू नका. “मीच चालवीत होतो,” असे खोटे सांगायला काही जण शिकवतात. खोटे उघडे पडले, की हक्काचे पैसेही अडकतात.

जखमी माणसाने मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज करावा. तो सहा महिन्यांच्या आत करावा. बाईमाणसाला आणि गरिबाला फुकट वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे विचारावे.

मंडळी, काल-परवापर्यंत आपल्यातले कितीतरी जण कागदावर अंगठा उठवीत होते. विम्याच्या कागदावर काय आहे, ते दुसऱ्याला विचारावे लागे. आता तुम्ही वाचता. तेव्हा आज घरी गेलात, की विम्याचा कागद काढा. ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’, या दोन तारखा स्वतः वाचा. मुदत संपत आली असेल, तर उद्याच तालुक्याला जा.

किल्ली दुसऱ्याच्या हाती देता येते, जबाबदारी सगळी देता येत नाही. ती भाजीवाली बाई उद्या आपल्याच घरातली असू शकते. एवढे ध्यानात ठेवा.